सूर्यावर ऑक्सिजन नाही, मग तो जळतोय कशावर? पोरीनं पार अडकवलंय

बेदाणावाला (तासगाव)

राम राम मंडळी. मी तासगाव भागातला, द्राक्षं आणि बेदाणा हा धंदा, शिक्षण बीकॉम, त्यामुळं सायन्स दहावीलाच सुटलं ते सुटलंच. परवा रविवारी पोरगी, आठवीत आहे, माझ्याबरोबर शेडवर आली होती. मार्चचा शेवट, दुपारचा दीड वाजलेला, रॅकवर माल पसरलेला आणि वारं असं की तोंड भाजून निघावं. आमचा शेडवरचा गडी सहज म्हणाला, सूर्य आज नुसती आग ओकतोय. झालं. पोरगी म्हणाली, आग कशी असेल, आगीला ऑक्सिजन लागतो, आम्ही शाळेत पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून बघितलंय, विझते. सूर्याच्या भोवती तर हवाच नाही. मग तो विझत कसा नाही?

मी आपलं ठोकून दिलं की तो गॅसचा गोळा आहे. तर म्हणते, घरचा सिलेंडर दीड महिन्यात संपतो, हा कसा संपत नाही?

रात्री मोबाईलवर शोधलं तर न्यूक्लियर फ्यूजन, हायड्रोजनचं हेलियम वगैरे एवढं सापडलं. तिच्या एका सरांनी सांगितलंय म्हणे की तिथं सेकंदाला लाखो हायड्रोजन बॉम्ब फुटत असतात. हे तिला म्हटलं तर पुढचा प्रश्न तयारच, मग सगळा एकदम का उडत नाही, दिवाळीत माळेतला एक फटाका पेटवला की अख्खी माळ उडते की. आता मलाच झोप येईना झालीय. कुणीतरी शेतकऱ्याला समजेल असं सांगा, फॉर्म्युले नकोत.

—

कृष्णाकाठचा गड्या

भावा सोप्पंय. फ्यूजन. बॉम्बच समज. पोरीला म्हणावं बारावीला फिजिक्स घे मग कळंल हाहा

—

निवृत्त मास्तर (सातारा)

गड्या, असंच म्हणून म्हणून आम्ही मास्तर लोकांनी पोरांचे प्रश्न मारले, मी पण त्यातलाच, ३४ वर्षं. आता निवांत आहे तर नीट सांगतो.

बेदाणावाले, तुमची मुलगी बरोबर आहे. सूर्य जळत नाही. जळणं म्हणजे काय, तर लाकूड असो नाहीतर गॅस, त्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडी जमवतो आणि त्यात थोडी उष्णता सुटते. कार्बन कार्बनच राहतो, ऑक्सिजन ऑक्सिजनच, नुसती सोयरीक बदलते. सूर्यात ऑक्सिजन अगदीच नाही असं नाही बरं का, वजनाच्या एक टक्क्याच्या आत आहे थोडा, पण त्या तापमानाला कुठलीही सोयरीक टिकतच नाही तर जळणार काय.

हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला. समजा अख्खा सूर्य दगडी कोळशाचा आहे आणि ऑक्सिजनही कुठून तरी मिळतोय, तर आत्ता जेवढी उष्णता तो देतो त्या हिशोबानं पाच-सहा हजार वर्षांत राख. म्हणजे पिरॅमिड बांधले तेव्हा पेटवला असता तर आता विझायला आला असता. मग १९व्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्विन या शास्त्रज्ञांनी दुसरं गणित मांडलं, की सूर्य स्वतःच्या वजनानं हळूहळू आकसतोय आणि त्या दाबण्यातून तापतोय. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो तसं समजा. कल्पना चांगली, पण त्यातून सूर्याचं आयुष्य येतं २-३ कोटी वर्षं, आणि इकडं खडक अभ्यासणारे आणि डार्विनवाले म्हणत होते की बाबांनो आम्हाला याच्या कितीतरी पट वेळ पाहिजे. चांगली जुंपली होती. आज माहीत आहे की पृथ्वीच ४५० कोटी वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे केल्विनसारखा माणूस शंभरपटीनं चुकला. गणितात नव्हे, इंधनात चुकला.

गाठ सुटली ती वजनकाट्यावर. १९२० साली अॅस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं अणूंची वजनं फार बारीक मोजली आणि निघालं असं की हायड्रोजनचे ४ अणू मिळून जेवढं वजन होतं त्यापेक्षा हेलियमचा १ अणू किंचित हलका. त्याच वर्षी एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञानं जाहीर सभेत सांगून टाकलं की हायड्रोजन जुळून हेलियम होतो, म्हणजे तुमचं ते फ्यूजन, आणि तारे याच फरकावर चालत असणार. वस्तुमानाची ऊर्जा होऊ शकते हे आइन्स्टाइनचं नातं १९०५ पासून माहीत होतंच.

आता तुमच्या भाषेत. १००० ग्रॅम हायड्रोजन घाला, ९९३ ग्रॅम हेलियम निघतं. घट ७ ग्रॅम. बेदाण्यात चार किलो द्राक्षाला एक किलो माल मिळतो, तिथं घट म्हणजे पाणी उडालं, इथं घट म्हणजे ऊर्जा. आणि ७ ग्रॅम म्हणजे किती? मी कागदावर करून बघितलं, सुमारे साडेसतरा कोटी युनिट वीज होईल एवढी. आपली कोयना, सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट, रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं चालवली तर साधारण पावणेचार दिवसांची वीज. एका किलो हायड्रोजनमधून!

सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि त्यातलं ४० लाख टनांच्या वर वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. आपल्याकडचा मोठा कारखाना अख्ख्या हंगामात दहा लाख टन ऊस गाळतो असं धरा, तसे चार हंगाम एका सेकंदात. तरी संपत नाही, कारण सूर्य आहेच तेवढा, ३ लाख ३३ हजार पृथ्व्यांच्या वजनाचा. आजवर ४६० कोटी वर्षांत ऊर्जा होऊन गेलेलं वजन साधारण शंभर पृथ्व्यांएवढं, म्हणजे गाडाभर धान्यातलं मूठभर. अजून सुमारे ५०० कोटी वर्षं त्याच्या पोटात पुरेल एवढा हायड्रोजन आहे. सिलेंडरच्या प्रश्नाचं उत्तर हे.

—

उंब्रजकर

मास्तर एक नंबर. यात एक आपल्या मराठी माणसाला माहीत पाहिजे असं घालतो, हेलियम पहिल्यांदा सापडला तो आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर, १८६८ च्या सूर्यग्रहणात, लॉकियर साहेबानं, तिथं अजून साहेबाचे ओटे दाखवतात आणि १८ ऑगस्टला हेलियम दिन करतात. मी स्वतः बघून आलोय

—

जुनी कागदं

उंब्रजकर, ओटे मीपण बघितलेत, पण गोष्ट थोडी सरमिसळ झालीय. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरं, पण तेव्हा लॉकियर भारतात नव्हता. ग्रहण बघायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन आला होता तो गुंटूरला. त्याला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशातल्या रेघा (प्रकाश रंगांत फोडला की दिसतात, प्रत्येक मूलद्रव्याच्या वेगळ्या) इतक्या ठळक दिसल्या की त्याला वाटलं या ग्रहण नसतानाही बघता येतील, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं बघितल्याही. लॉकियरनं स्वतंत्रपणे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून तेच केलं, आणि त्यात एक पिवळी रेघ सापडली जी माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. सूर्याचं ग्रीक नाव हेलिओस, त्यावरून हेलियम. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ उजाडलं, रॅम्से या शास्त्रज्ञाला युरेनियमच्या एका खनिजात. विजयदुर्गला लॉकियर आला होता हे खरं, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासला. त्या ग्रहणाला पुण्याचे प्रोफेसर नायगमवाला सोलापूरकडं जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. आता नकाशात विजयदुर्ग ते जेऊर सरळ रेघ ओढा, कराड बरोबर वाटेत येतंय. म्हणजे तुमच्या उंब्रजच्या पणजोबांनी भरदिवसा अंधार बघितला असणार, त्याचा अभिमान धरा की.

आणि १८६८ ला आपल्या बाजूला कोण होतं माहितीय का, हर्षल. युरेनस शोधणाऱ्या हर्षलचा पणतू नव्हे, नातवाचा मुलगा वगैरे पण नव्हे, सरळ नातू, लेफ्टनंट जॉन हर्षल. तो जमखंडीला बसला होता. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचंच संस्थान, सांगली-मिरजेच्या भावकीतलं. ऐन वेळी ढग आले, तरी मधल्या फटीतून त्यालाही त्या रेघा दिसल्या. ढगांचा त्रास आपल्याकडं तेव्हापासूनच आहे.

—

उंब्रजकर

बरं झालं सांगितलं. गेली दहा वर्षं पाव्हण्यांना चुकीचं सांगत होतो राव

—

मिरज जंक्शन

नमस्कार, मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. मास्तरांनी घट छान सांगितली. फक्त ते बॉम्बचं राहिलं आणि तिथंच मुलीचा प्रश्न खरा आहे, म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

दादा, एक विचारते. तुमच्या मळ्यात शेणखताचा ढीग आहे ना? पावसानंतर त्यात हात घातलाय कधी? आत चटका बसतो. तर सूर्याच्या अगदी मध्यावर, जिथं हे फ्यूजन सगळ्यात जोरात चालतं, तिथं एक घनमीटर जागेत जेवढी उष्णता तयार होते ती आहे सुमारे २७५ वॅट. जुन्या काळच्या तीन बल्बएवढी नाही होत. चांगल्या तापलेल्या उकिरड्याची उष्णता साधारण याच घरातली असते. आणि हा उकिरडा वजनानं हलका, तर सूर्याच्या मध्यावरचा एक घनमीटर दीडशे टन भरतो! किलोच्या हिशोबानं गेलात तर अख्ख्या सूर्याचं एक टन घेतलं तरी त्यातून सरासरी पाव वॅटसुद्धा निघत नाही. तुम्ही स्वतः नुसते बसलात तरी शंभरेक वॅट उष्णता देता. म्हणजे किलोला किलो लावला तर माणूस सूर्याच्या हजारो पट तापट.

आता हा बॉम्ब वाटतो का?

इतका मंद का, ते सांगते. सूर्याच्या पोटात तापमान दीड कोटी अंश आहे, तिथं हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन कधीच सुटून गेलेत, उरलेत नुसते प्रोटॉन. प्रोटॉन सगळे धन भाराचे, एकमेकांना ढकलतात. ते जुळायचे तर एकमेकांना चिकटतील एवढे जवळ यायला पाहिजेत, आणि दीड कोटी अंशातसुद्धा तेवढा जोर त्यांच्यात नसतो. एडिंग्टनला लोक हेच म्हणत होते की तुझा सूर्य पुरेसा गरम नाही. हटला नाही तो. मग १९२८ ला गॅमो वगैरे शास्त्रज्ञ मंडळींनी दाखवलं की इतक्या बारीक कणांच्या जगात भिंत चढायची ताकद नसली तरी क्वचित कधीतरी कण भिंतीच्या पलीकडं सापडतो. याला टनेलिंग म्हणतात. वाड्याची भिंत आहे, दार नाही, चढता येत नाही, तरी लाखो-करोडो धडकांत एखादा आतल्या अंगणात उभा दिसतो. विचित्र आहे, मला शिकवतानाही दरवेळी विचित्रच वाटतं.

आणि भिंत ओलांडूनही काम होत नाही. दोन प्रोटॉन नुसते मिळून टिकत नाहीत, ते जवळ आलेत त्या निमिषात त्यातल्या एकानं न्यूट्रॉन, म्हणजे भार नसलेला कण, व्हायला लागतं. ही गोष्ट इतकी दुर्मिळ की सूर्याच्या पोटातल्या एखाद्या प्रोटॉनला जोडी मिळायला सरासरी ९०० कोटी वर्षं लागतात. सूर्याचं आजचं वय त्याच्या निम्मं. लॉटरीचं तिकीट समजा, एका तिकिटाला नंबर लागेल तेव्हा लागेल, पण तिकिटंच इतकी खपलीत की दर क्षणाला कुणाला तरी लागतेच. एकदा पहिली जोडी जमली की पुढचं त्यामानानं पटापट, तिला काही सेकंदांत तिसरा प्रोटॉन येऊन मिळतो, मग असे दोन तिघांचे गट एकत्र येतात, त्यातून हेलियम होतो आणि दोन प्रोटॉन परत मोकळे होऊन रांगेत. हे सगळं गणित १९३८-३९ मध्ये हान्स बेथे या शास्त्रज्ञांनी जमवलं, त्याबद्दल १९६७ चं नोबेल. बॉम्बमध्ये हा सावकाश पहिला टप्पाच नसतो, तिथं जड हायड्रोजन (न्यूट्रॉन आधीच जोडलेला) वापरतात जो चटकन जुळतो. नाव हायड्रोजन बॉम्ब असलं तरी सूर्यातलं इंधन आणि ते वेगळं.

राहिली फटाक्याची माळ. पोरीला गोबर गॅसची जुन्या पद्धतीची तरंगती टाकी दाखवा. गॅस जास्त झाला की टाकी वर उचलते, वापरला की खाली बसते. सूर्यात वरचं सगळं वजन आत दाबत असतं आणि आतली उष्णता बाहेर ढकलत असते. समजा फ्यूजन थोडं वाढलं, तर पोट फुगतं, फुगलं की गार पडतं, गार पडलं की फ्यूजन आपोआप कमी. कमी झालं की वजन परत दाबतं, परत तापतं. माळेतल्या फटाक्याला असं फुगून गार व्हायची सोयच नसते, म्हणून ती उडते.

—

कृष्णाकाठचा गड्या

काय सांगताय ताई, म्हणजे आमचा उकिरडा आणि सूर्य सेम? मग उकिरड्यावर पापड भाजू का

—

मिरज जंक्शन

हाहा. तुम्ही चेष्टेत विचारलंत पण प्रश्न योग्य आहे. उष्णता किती तयार होते आणि गरम किती होतं या दोन वेगळ्या गोष्टी. घरी भाकऱ्या करतात तेव्हा बघा, एक भाकरी ताटात टाकली की दोन मिनिटांत गार. तीच पन्नास भाकऱ्यांची चवड फडक्यात गुंडाळली तर मधली भाकरी तासानं पण गरम लागते. चवड जेवढी मोठी तेवढी आतली उष्णता बाहेर पडायला वाट कमी. सूर्याची चवड १४ लाख किलोमीटर व्यासाची आहे. उष्णता तयार होते हळू, पण बाहेर निघायला त्याहून जास्त कष्ट, म्हणून आत दीड कोटी अंश साठलेत. तुमच्या उकिरड्याचा ढीग सूर्याएवढा केलात तर पापडाचं सोडा, तो ढीग स्वतःच्या वजनानं दबून ताराच व्हायला बघेल.

किती कष्ट ते ऐका. मध्यावर तयार झालेली ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपात निघते आणि जरा सरकली की कशावर तरी आपटते, दिशा बदलते, परत आपटते. जत्रेच्या गर्दीत हात सुटलेलं पोर जसं कुठंही ढकललं जातं तसं. असं करत करत पृष्ठभागाकडं यायला हजारो वर्षं जातात, काही हिशोबांत लाखाच्याही वर. सूर्याच्या त्रिज्येच्या ७० टक्क्यांपर्यंत हे असं. त्यानंतरचा भाग गुऱ्हाळातल्या काहिलीसारखा, रस खालून तापून वर येतो, वर गार होऊन बाजूनं खाली जातो. सूर्याच्या फोटोत जे दाणेदार दिसतं ना ते या उकळीचे बुडबुडे, एकेक दाणा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूर-सोलापूर सगळं एका बुडबुड्यात मावून उरेल. पृष्ठभागावर येईपर्यंत तापमान उतरून साडेपाच हजार अंश. तिथून पुढं मोकळं रान, ८ मिनिटं २० सेकंदात तुमच्या शेडवर.

म्हणजे दादा, परवा ज्या उन्हानं तुमचं तोंड भाजलं ती उष्णता तयार झाली तेव्हा द्राक्षाची लागवड कदाचित कुणाला ठाऊकही नसेल.

—

शंकासूर

ताई मास्तर दोघांनी चांगलं लिहिलंय पण मला सांगा आत जाऊन बघितलंय कुणी? दीड कोटी अंश, दीडशे टन, हे सगळं गणितच ना? गणितानं तर केल्विन पण बरोबर होता की

—

निवृत्त मास्तर (सातारा)

शंकासूर, नाव सार्थ केलंत. पण शंका खरी आहे आणि याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं.

त्या फ्यूजनमध्ये, ताईंनी सांगितलं तसं प्रोटॉनचा न्यूट्रॉन होताना, न्यूट्रिनो नावाचा एक कण सुटतो. त्याला आपटणंबिपटणं माहीतच नाही. प्रकाशाला बाहेर यायला हजारो वर्षं, हा दोन-अडीच सेकंदांत सूर्याच्या बाहेर. म्हणजे सूर्याच्या पोटात आत्ता काय चाललंय त्याची ताजी बातमी तोच आणतो. तुमच्या अंगठ्याच्या नखावर दर सेकंदाला हे सहा हजार कोटींच्या वर न्यूट्रिनो पडतात आणि आरपार जातात. रात्रीसुद्धा! फक्त रात्री ते खालून येतात, पृथ्वी भेदून, तुमच्या खाटेतून वर.

आता असला कण पकडायचा कसा? रे डेव्हिस नावाच्या अमेरिकन माणसानं सोन्याच्या खाणीत दीड किलोमीटर खोल टाकी बसवली, त्यात ३ लाख ८० हजार लिटरच्या आसपास ड्राय क्लीनिंगचं रसायन. लाखो कोटी-कोटींतला एखादाच न्यूट्रिनो त्यातल्या क्लोरिनला धडकतो आणि त्याचा आर्गॉन होतो. एवढ्या टाकीतून हा बोटावर मोजण्याइतके आर्गॉनचे अणू वेचून काढायचा. आम्ही प्रॅक्टिकलला टायट्रेशनमध्ये एक थेंब चुकलो तर बाईंचं तोंड ऐकायचो.

न्यूट्रिनो सापडले, म्हणजे फ्यूजन चालू आहे हे नक्की झालं. पण सापडले ते गणिताच्या एक तृतीयांशच. तीसेक वर्षं हे भांडण चाललं, कोण म्हणे सूर्याचं गणित चुकलंय, कोण म्हणे डेव्हिस मोजण्यात चुकतोय. शेवटी २००१-०२ मध्ये कॅनडातल्या एका प्रयोगानं, तोही खाणीतच, हजार टन जड पाणी (जड हायड्रोजनचं) घेऊन, दाखवलं की दोघंही बरोबर. न्यूट्रिनो तीन जातींचे असतात आणि वाटेत ते जात बदलतात, डेव्हिसची टाकी एकच जात ओळखत होती. तिन्ही मोजले तर बेरीज सूर्याच्या गणिताशी तंतोतंत. डेव्हिसला २००२ चं नोबेल मिळालं तेव्हा वय ८८. आणि २०१४ मध्ये इटलीत डोंगराखालच्या प्रयोगात त्या अगदी पहिल्या, ९०० कोटी वर्षांच्या टप्प्यातलेच न्यूट्रिनो थेट मोजले गेले. केल्विनकडं यातलं काही नव्हतं. हा फरक.

खाणीत न्यूट्रिनो पकडण्यात आपणही होतो बरं का, १९६५ मध्ये कोलारच्या खाणीत. ते सूर्याचे नव्हते, वातावरणात तयार होणारे होते, पण जगात पहिल्यांदा पकडणाऱ्यांत.

—

जुनी कागदं

मास्तर एक राहिलं. सूर्यात मुळात हायड्रोजनच भरलाय हे कुणी सांगितलं? १९२५ पर्यंत लोकांना वाटायचं सूर्य पृथ्वीसारखाच असणार, लोखंडबिखंड. सिसिलिया पेन, वय २५, तिनं आपल्या मेघनाद साहांचं समीकरण, १९२० चं, तापमानानुसार या रेघा कशा बदलतात ते सांगणारं, ते वापरून ताऱ्यांच्या प्रकाशातल्या रेघा वाचल्या आणि म्हणाली सगळा हायड्रोजनच आहे, मग हेलियम, बाकी चिमूटभर. रसेल म्हणून मोठे शास्त्रज्ञ होते त्यांनी तिला हे शक्य नाही असं सांगून प्रबंधात स्वतःच्याच उत्तराबद्दल शंका लिहायला लावली. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेनं त्याच उत्तराला पोचले. मुली आधीच बरोबर असतात याचं हे अजून एक. बेदाणावाल्यांच्या पोरीला ही गोष्ट नक्की सांगा.

—

सोलर झालंय (विटा)

मला एवढं कळत नाही पण छतावर ३ किलोवॅट बसवलंय, दिवसाला १२ युनिटच्या आसपास पडतात, ढगाळ असलं की निम्मे. आता मास्तरांचे साडेसतरा कोटी वाचून माझ्या ॲपकडं बघवेना. तरी एक बोलतो, आमचा मेव्हणा चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर कामाला आहे, तो म्हणतो तुमची सौरऊर्जा आमची वाऱ्याची. त्याला म्हटलं लगा वारा तरी कुणामुळं सुटतो, आणि कोयनेत पाणी तरी कुणी उचलून नेऊन टाकलं. सगळा एकाच दुकानाचा माल.

ते आदित्य यान सोडलं ना आपण, ते आतलं बघतं का?

—

मिरज जंक्शन

नाही, आदित्य एल-१ बघतं ते बाहेरचे थर आणि सौरवारा, म्हणजे सूर्यातून सुटणारा कणांचा झोत. २ सप्टेंबर २०२३ ला सोडलं, ६ जानेवारी २०२४ ला ठिकाणावर पोचलं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झालीय. त्यांना पडलेलं कोडं उलटंच आहे, पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि त्याच्या वरचा विरळ करोना, म्हणजे सूर्याचं बाहेरचं वातावरण, दहा लाखांच्या पुढं. चुलीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं, असा प्रकार. तो वेगळा धागा होईल, इथं नको.

—

बेदाणावाला (तासगाव)

सगळ्यांचे आभार. मास्तर, ताई, खरंच. पोरीला काल संध्याकाळी बसवून सगळं वाचून दाखवलं, घट आणि कोयना लगेच पटलं, टनेलिंगला माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी लपवतोय. सिसिलिया पेनचं नाव वहीत लिहून घेतलं.

पण अडकली ती उकिरड्यावर. म्हणाली चला बघू. अंधारात बॅटरी घेऊन गेलो, घरातलं जिलेबीच्या पाकाचं थर्मामीटर काठीला बांधून ढिगात हातभर खुपसलं, पाच मिनिटांनी काढलं तर ५८. बाहेर तेव्हा २७ होतं. दोन ठिकाणी खुपसलं, कडेला ४१. म्हणजे ताईंची भाकरीची चवड तंतोतंत, मधली गरम कडेची गार. आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती सूर्य मांडणार आहे म्हणे, आणि त्यासाठी पोतंभर शेणखत न्यायचंय. तिच्या बाईंना अजून विचारलेलं नाही.

आणि थर्मामीटर किती वेळा उकळून घेतलं तरी मंडळी स्वयंपाकघरात परत घ्यायला तयार नाही, तेव्हा पाकासाठी नवीन कुठलं घ्यावं तेही सांगा कुणीतरी.